किनाऱ्यावरचा कोरडा आठवडा आणि एक आर्द्रतामापक

बडोद्याच्या रावपुऱ्यातील, शाळांना प्रयोगसाहित्य पुरवणाऱ्या एका दुकानातून मी गेल्या डिसेंबरात २,३५० रुपयांना तापमान आणि आर्द्रता मोजणारे एक लहान यंत्र विकत घेतले. टेबलावर ठेवायचा एक पडदा आणि त्याला बिनतारी जोडलेले, आगपेटीपेक्षा थोडे मोठे असे दोन सुटे संवेदक, एवढे त्याचे स्वरूप आहे. उत्पादकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण हुबेहूब हेच यंत्र वेगवेगळ्या नावांनी विकले जाताना मी पाहिले आहे, आणि मला सांगायचे आहे ते नावाविषयी नसून त्याच्या उपयोगाविषयी आहे.

खरेदीचे कारण घरगुती होते. माझी थोरली बहीण रत्नागिरीजवळ भाट्ये येथे राहते. दर जानेवारीत फोनवर ती सांगते की इकडे हवा अगदी कोरडी झाली आहे, ओठ फुटू लागले आहेत आणि पहाटे गोधडीशिवाय झोप येत नाही. मी आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवले आणि हिवाळे बडोद्यात काढले, जिथे जानेवारीत रात्रीचा पारा १२-१३ अंशांपर्यंत सहज उतरतो आणि दुपारची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्ष असलेला हिस्सा, ३० टक्क्यांच्या आसपास येते. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या घरात हवा कोरडी कशी असेल, हा प्रश्न मी अनेक वर्षे ताईला विचारत आले होते आणि तिला तो प्रश्नच पटत नव्हता. वासी उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस, आटोपल्यावर, पतंगांचा दोरा अजून तारांवर लोंबत असताना, मी हे यंत्र पिशवीत घालून एका आठवड्यासाठी तिच्याकडे गेले.

निघण्यापूर्वी यंत्राची परीक्षा घेणे आवश्यक होते. खोक्यावर तापमानात ०.३ अंश आणि आर्द्रतेत ३ टक्के इतकीच चूक संभवते असे छापले आहे, परंतु असे छापील आश्वासन तपासून पाहण्याची सोपी रीत प्रत्येक स्वयंपाकघरात उपलब्ध आहे. बाटलीच्या झाकणात साधे मीठ घेऊन त्यात थोडेच पाणी घालावे, इतकेच की मीठ ओल्या वाळूसारखे व्हावे, पण पूर्ण विरघळू नये. ते झाकण आणि संवेदक हवाबंद डब्यात शेजारी शेजारी ठेवून रात्रभर थांबावे. संपृक्त मिठाच्या द्रावणावरील बंदिस्त हवेची सापेक्ष आर्द्रता खोलीच्या तापमानाला ७५ टक्क्यांवर स्थिर होते, हा निसर्गाने दिलेला खात्रीचा मापदंड आहे. माझ्या दोन संवेदकांपैकी एकाने सकाळी ७४ दाखवले आणि दुसऱ्याने ७१. पहिला म्हणजे आश्वासनाप्रमाणे होता, दुसरा मर्यादेच्या किंचित बाहेर. यंत्रात दुरुस्तीचा आकडा भरण्याची सोय आहे, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे. १ आणि ४ हे आकडे भरल्यावर दोन्ही संवेदक एकच आकडा सांगू लागले. ही दुरुस्ती केल्याशिवाय कोणी दोन खोल्यांची तुलना करू नये, अन्यथा आपण हवेतला फरक न मोजता यंत्रांमधला फरक मोजत बसतो.

भाट्याला पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी माझी चूक झाली. संवेदक मी पश्चिमेच्या पडवीतील खांबाला टांगला आणि दुपारी चार वाजता त्याने ३६.८ अंश दाखवले. हवा इतकी तापलेली नव्हती. जांभ्याची भिंत उतरत्या उन्हाने तापली होती आणि तिची धग संवेदक मोजत होता. वेधशाळांमध्ये तापमापक पांढऱ्या रंगाच्या, चारही बाजूंनी झडपा असलेल्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर ठेवतात आणि आपल्या गोलार्धात त्या पेटीचे दार उत्तरेकडे असते, ते याच कारणासाठी. स्टीव्हन्सन यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पेटी दीपगृहे बांधणाऱ्या थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याने तयार केली. ताईच्या घरी तशी पेटी कुठून आणणार? भावोजींनी सहा पांढऱ्या प्लास्टिकच्या बशा उपड्या एकावर एक रचल्या, मधल्या बशांचे तळ कापून पोकळी केली, नळाच्या पाइपाचे लहान तुकडे मध्ये घालून त्यांत बोटभर अंतर ठेवले आणि तीन लांब स्क्रूंनी सगळे बांधून टाकले. संवेदक त्या पोकळीत टांगून हा मनोरा आम्ही घराच्या उत्तरेला पेरूच्या सावलीत लावला. त्यानंतरचे सर्व आकडे या मनोऱ्यातले आहेत. यंत्राच्या खोक्यात असे आवरण देणे उत्पादकाला फारसे महाग पडले नसते, आणि माहितीपत्रकात निदान सावलीचा उल्लेख तरी असायला हवा होता. तिथे फक्त ‘पाण्यापासून जपा’ एवढेच लिहिले आहे.

आता त्या आठवड्याविषयी. सातही दिवस आभाळ निरभ्र होते, पावसाचा थेंब नव्हता, आणि कोकणात जानेवारीकडून तशी अपेक्षाही नसते, कारण रत्नागिरीचा तीन हजार मिलिमीटरहून अधिक असलेला वार्षिक पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. पहाटेचे किमान तापमान १७ ते १९ अंशांच्या दरम्यान आणि दुपारचे कमाल ३० ते ३२ अंशांच्या दरम्यान राहिले. नुसते एवढे आकडे वाचले तर आठवडा एकसुरी वाटेल. आलेखाने मात्र दुसरीच गोष्ट दाखवली.

तिसऱ्या दिवसाचे उदाहरण घेते, कारण तो दिवस सर्वांत स्वच्छ नोंदला गेला. सकाळी सात वाजता तापमान १८.६ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ८८ टक्के होती. माडांच्या झावळ्या दवाने ओल्या होत्या. साडेअकराला तापमान ३१ अंशांवर गेले आणि आर्द्रता ३५ टक्क्यांवर उतरली. यावर माझा विश्वास बसेना, म्हणून शाळेतून निवृत्त होताना सोबत आलेले पाऱ्याचे दोन तापमापक काढले, एकाच्या फुग्याला ओले मलमल गुंडाळले आणि पंख्यासमोर धरले. कोरड्याने ३१, ओल्याने २० दाखवले. हवा जितकी कोरडी तितका ओल्याचा पारा अधिक उतरतो, आणि या फरकावरून कोष्टकाप्रमाणे आर्द्रता ३६ टक्के येते. यंत्र खरे बोलत होते, आणि ताईसुद्धा. भाट्याच्या वाळूपासून चारशे पावलांवर, समोर पाणी दिसत असताना, हवा जवळजवळ बडोद्याइतकी कोरडी होती.

मग बारा वाजून दहा मिनिटांनी सुरूच्या बनातला आवाज बदलला. तोवर वारा नावालाच होता, तो आता वायव्येकडून सलग येऊ लागला. आलेखात तापमान अर्ध्या तासात ३१ वरून २९ वर आले आणि आर्द्रता ३५ वरून ६२ टक्क्यांवर चढली. शाळेच्या पुस्तकात खारे वारे आणि मतलई वारे हा धडा मी किती वेळा शिकवला असेल, याचा हिशेब नाही. फळ्यावर दोन बाण काढायचे, दिवसा जमीन लवकर तापते आणि समुद्र हळू तापतो म्हणून वारा समुद्रावरून येतो, रात्री उलट होते, असे सांगायचे. पण खारे वारे सुरू होणे ही एवढी ठळक, घड्याळ लावून पाहता येईल अशी घटना आहे, दिवसाच्या मधोमध कोणी दार उघडावे तशी, हे मला या यंत्राने वयाच्या पासष्टीत दाखवले. त्याबद्दल मी त्याची मनापासून ऋणी आहे.

कोरडेपणाचे कारणही आलेखातच होते. हिवाळ्यात या भागात रात्री आणि सकाळी वारा जमिनीकडून, ईशान्य-पूर्वेकडून येतो. सह्याद्रीपलीकडून येणाऱ्या या हवेत मुळातच बाष्प कमी असते. रात्री जमिनीलगतचा थर थंड होऊन वरच्या हवेपासून तुटल्यासारखा राहतो आणि त्यातले थोडे बाष्पसुद्धा सापेक्ष आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर नेण्यास पुरेसे ठरते. ऊन वर आले की हा थर मोडतो, वरची अधिक कोरडी हवा खाली मिसळते, आणि खारे वारे येईपर्यंतचे दोन-अडीच तास किनाऱ्यावरचे सर्वांत कोरडे तास ठरतात. पाचव्या दिवशी जमिनीकडचा वारा जोरात होता. त्या दिवशी खारे वारे पावणेतीनपर्यंत आत शिरू शकले नाहीत, तापमान ३३.४ अंशांपर्यंत गेले आणि आर्द्रता २७ टक्क्यांवर आली. आठवड्यातला सर्वांत गरम आणि सर्वांत कोरडा दिवस एकच होता, आणि त्याचे कारण सूर्य नसून वाऱ्याची दिशा होती.

यामुळे एक जुना गोंधळ सुटला. वृत्तपत्रांत सहसा छापली जाणारी आर्द्रता सकाळी ८.३० आणि सायंकाळी ५.३० या वेळांच्या निरीक्षणांवरून घेतलेली असते. ही देशभराची ठरलेली पद्धत आहे आणि दोन गावांची तुलना करायला ती योग्यच आहे. परंतु किनाऱ्यावर सकाळी साडेआठला दवाचा ओलावा शिल्लक असतो आणि सायंकाळी साडेपाचला खारे वारे चालू असतात. अकरा ते बाराचा कोरडा काळ या दोहोंच्या मध्ये निसटतो. बडोद्यात बसून रत्नागिरीचे दोन आकडे वाचणारी मी ताईवर इतकी वर्षे अविश्वास दाखवत होते, तो या निसटलेल्या तासांमुळे.

इथे यंत्राच्या सर्वांत मोठ्या उणिवेकडे यावे लागते. पडद्याच्या कोपऱ्यात एक चेहरा येतो, जो हवा सुखद असेल तर हसतो, दमट किंवा कोरडी असेल तर तोंड वाकडे करतो. हा चेहरा केवळ सापेक्ष आर्द्रतेवर चालतो आणि म्हणून तो दिशाभूल करतो. सकाळी सात वाजता, ८८ टक्क्यांना, त्याने हवा दमट ठरवली. दुपारी एक वाजता, ६० च्या घरात, त्याने ती जवळजवळ सुखद ठरवली. प्रत्यक्षात सकाळच्या त्या हवेच्या एका घनमीटरात सुमारे १४ ग्रॅम बाष्प होते आणि दुपारच्या हवेत सुमारे १८ ग्रॅम. मधल्या कोरड्या वेळात ते ११ ग्रॅमपर्यंत उतरले होते. म्हणजे यंत्र ज्या हवेला दमट म्हणत होते ती खरी हलकी होती, आणि अंगाला चिकटणारी हवा दुपारची होती. थंड हवेत थोडेच बाष्प मावते, म्हणून टक्केवारी मोठी दिसते.

यावर उपाय यंत्रातच आहे, पण तो लपवून ठेवला आहे. मोबाइलवरील त्याच्या ॲपमध्ये तिसऱ्या पानावर दवबिंदू दिसतो. ज्या तापमानाला ती हवा थंड केली असता तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊ लागते, तो दवबिंदू. त्याच दिवशी तो सकाळी १६.६, साडेअकराला १३.७ आणि खारे वारे आल्यावर २१ अंश होता. दवबिंदू १५ च्या खाली असेल तर ओठ फुटतात, १६-१७ ला मला बरे वाटते, २० च्या वर गेला की पदर घामाला लागतो, असा माझ्यापुरता हिशेब आठवड्याच्या शेवटी तयार झाला. बडोद्यात त्याच महिन्यात दुपारी २९ अंश आणि ३० टक्के असताना दवबिंदू १० च्या खाली असतो. तिथे टाचांना भेगा पडतात आणि भाट्याला आठ दिवसांत त्या भरू लागल्या, याचे उत्तर या एका आकड्यात आहे. जो आकडा पडद्यावर सर्वांत मोठा असायला हवा होता, तो शोधावा लागतो, ही रचनेतील चूक आहे आणि तिच्यासाठी मी या यंत्राचे गुण कापते. ॲप केवळ इंग्रजीत आहे, त्यामुळे ताईला ते वापरता आले नाही, ही दुसरी तक्रार.

ताईसाठी पडद्यावरची टक्केवारीच कामाला आली, आणि ती ज्या कामी आली ते मला सुचलेही नसते. त्या दिवसांत खळ्यात सुपारी वाळत घातलेली होती. सोललेली नसलेली पिकी सुपारी नीट वाळायला साधारण ४० दिवस लागतात आणि मध्ये ओलावा लागला की बुरशी धरते. भावोजी सूर्यास्तानंतर ताडपत्री ओढत. आलेख असे दाखवत होता की सूर्यास्ताच्या तासभर आधीच, पाच-सव्वापाचच्या सुमारास, आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर जाते आणि मग सकाळी साडेनऊपर्यंत खाली येत नाही. त्यांनी ताडपत्री पाचला ओढायला आणि सकाळी घाईने सात वाजता न काढता झावळ्यांवरचे दव उडाल्यावर काढायला सुरुवात केली. सुपारीत फरक पडला की नाही हे एका आठवड्यात कळणार नव्हते, मात्र ताडपत्रीच्या आतल्या बाजूला पहाटे जमणारे पाणी कमी झाले, हे आम्ही तिघांनीही हात लावून पाहिले.

आंब्याच्या बाबतीत मी सावधपणे लिहिते. परसात हापूसची चार कलमे आहेत आणि दोन मोहरली होती. थंड, कोरडी हवा मोहोराला मानवते आणि ढगाळ, दमट हवेत तुडतुडे ही कीड आणि भुरी हा बुरशीचा रोग यांचा जोर वाढतो, हे तिथला प्रत्येक बागायतदार जाणतो. केवळ आर्द्रतेचा आकडा पाहून फवारणी ठरवावी असे हे यंत्र नाही. तो निर्णय भावोजी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या सल्ल्याप्रमाणे घेतात आणि तसाच घ्यावा. संवेदक मोहोराच्या फांदीला बांधून मी एवढेच पाहिले की झाडाच्या दाट भागात दव उडायला अंगणापेक्षा पाऊण तास अधिक लागतो.

थंडीविषयी एक गोष्ट सांगायला हवी. सहाव्या पहाटे पारा १७.१ वर आला आणि ताईने ‘कडाक्याची थंडी’ असा शब्द वापरला. बडोद्याच्या माणसाला हे ऐकून नवल वाटते, पण हवामान खात्याची मोजपट्टीसुद्धा किनाऱ्याला वेगळा न्याय देते. सपाटीवरील ठिकाणी किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली गेल्याशिवाय थंडीची लाट धरत नाहीत. किनारपट्टीवर मात्र किमान १५ अंश किंवा त्याखाली येऊन ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी उतरले तरी लाट म्हणता येते. आमच्या आठवड्यात तसे काही झाले नाही. तो सौम्य, सरासरीच्या आसपासचा आठवडा होता. तरीही दव पडणाऱ्या, मतलई वारा वाहणाऱ्या पहाटेचे १७ अंश अंगाला बंद खोलीतल्या १७ अंशांपेक्षा थंड लागतात, आणि तो फरक हे यंत्र मोजत नाही, कारण त्याला वाऱ्याचा वेग कळत नाही.

राहिलेल्या बाबी थोडक्यात सांगते. संवेदक मंद आहे. त्वचेला खारे वारे मिनिटभरात जाणवतात, यंत्राला पूर्ण आकडा गाठायला पंधरा मिनिटे लागतात. पडद्यावरील कमाल-किमान दर मध्यरात्री पुसले जातात, म्हणून वहीत लिहून ठेवावे लागते. बिनतारी जोडणी जांभ्याच्या दोन भिंतींपलीकडे टिकत नाही. सीआर २०३२ जातीची नाण्यासारखी बॅटरी महिनाभर चालली असून अजून चालू आहे.

खाऱ्या हवेचा परिणाम हा मात्र थोडक्यात सांगण्यासारखा विषय नाही. भाट्याहून निघण्याआधीच्या रात्री मी तीच मिठाची परीक्षा पुन्हा घेतली. घरात राहिलेल्या संवेदकाचा आकडा जागचा हलला नव्हता. मनोऱ्यात सात दिवस काढलेल्या संवेदकाने दुरुस्तीसह ७५ ऐवजी ७८ दाखवले. त्याच्या जाळीवर बोट फिरवले तर जिभेला खारट लागत होते. मिठाचे कण ७५ टक्क्यांच्या वरच्या आर्द्रतेत स्वतःच पाणी ओढून घेतात आणि संवेदकाला ओलसर वेढा घालतात, त्यामुळे आकडा फुगतो. जाळी शुद्ध पाण्यात भिजवलेल्या कापसाने हलकेच पुसून दोन दिवस सुकवल्यावर ७६ आले. एका आठवड्यात ३ टक्के ही सरक बडोद्यासारख्या ठिकाणी वर्षभरातही आली नसती. किनाऱ्यावर कायम राहणाऱ्यांनी दर महिन्याला मिठाची परीक्षा घेऊन दुरुस्तीचा आकडा बदलण्याची तयारी असेल तरच हे यंत्र बाहेर टांगावे. घरात, पुस्तकांच्या कपाटात किंवा तंबोऱ्याच्या खोलीत ठेवायचे असेल तर एवढी काळजी लागत नाही, आणि त्या कामासाठी मी ते निःशंकपणे सुचवीन.

किमतीच्या मानाने मी त्याला पाचपैकी साडेतीन गुण देते. पूर्ण एक गुण चेहऱ्यासाठी आणि लपवलेल्या दवबिंदूसाठी कापला आहे, अर्धा सावलीच्या आवरणासाठी. पडदा आणि घरातला संवेदक मी भाट्यालाच ठेवून आले, बशांच्या मनोऱ्यासह; दुसरा संवेदक मोबाइलला जोडून इथे चालतो. ताई आता रोज फोनवर खारे वारे किती वाजता आले ते सांगते आणि मी ते तिच्या नावाने काढलेल्या वहीत लिहिते. काल ते एक वाजून वीस मिनिटांनी आले.